आमची वाटचाल : बॉट बटण दाबत नाही

२००८ साली लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत एका कॉम्प्युटरवर आमचा वेबसाइटचा धंदा सुरू झाला. तेव्हा गिऱ्हाइकाचं मागणं एकच असायचं, ‘काहीतरी हलतं-डुलतं करा.’ मग आम्ही फ्लॅशमध्ये, म्हणजे अडोबी कंपनीच्या हलती चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मेनू करायचो, माउस नेला की उमलणारा. आयफोनवर फ्लॅश चालतच नाही म्हटल्यावर ते सुटलं. (अडोबीनं ते कायमचं बंद केलं ३१ डिसेंबर २०२० ला.) पण अशा मेनूतून गूगलला नीट वाट काढता येत नाही, हे काही आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणून तीच चूक पुढे जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपान हलतं-बोलतं करणाऱ्या कोडमध्ये, केली.

नागदेवी स्ट्रीटवर व्हॉल्व्ह आणि पाइप फिटिंगचं दुकान असलेल्या एका काकांची साइट आम्ही केली. चौदाशे आयटम, देखणा मेनू. चार महिन्यांनी काकांनी बोलावून घेतलं. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. पुतण्यानं त्यांना शिकवलं होतं : गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’, पुढे दोन टिंबं आणि आपला पत्ता टाकला, की साइटची कोणती पानं गूगलनं घेतलीत ते दिसतं. अकरा पानं आली. “बाकीचा माल काय गोडाऊनमध्येच ठेवलाय का रे?”

ऑफिसला येऊन मेनूचा कोड उघडला. ‘बॉल व्हॉल्व्ह’वर क्लिक केलं की स्क्रिप्ट धावायची आणि यादी आणायची. गूगलचा बॉट, म्हणजे साइटवर फिरून पानं वाचणारा त्याचा प्रोग्रॅम, जावास्क्रिप्ट चालवतो, हे खरं. पण तो बटणं दाबत बसत नाही. त्याला अँकर टॅग, म्हणजे कोडमधली लिंकची खूण, आणि त्यात एचरेफमध्ये लिहिलेला पत्ता लागतो. चाळीत पोस्टमन दारावरची पाटी वाचतो, कडी वाजवून ‘इथं कोण राहतं’ विचारत नाही, तसंच. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, आम्ही दिला होता, त्यावरच निर्धास्त होतो. पण त्यातून पत्ते कळतात एवढंच. ज्या पानाकडे साइटवरून एकही वाट जात नाही, ते गूगलनं घ्यावंच असं काही नाही.

मेनू साध्या लिंकांचा केला. प्रत्येक पानावर ‘मुख्यपान, व्हॉल्व्ह, बॉल व्हॉल्व्ह’ अशी वरची पायवाट टाकली. एकमेकांना लागणारे आयटम जोडले. त्याचे पैसे घेतले नाहीत. हिशेब बायको पाहते. तिनं वहीत त्यापुढे लिहिलं, ‘शिकवणी’.

पानं वाढू लागली, आणि मग भलतंच झालं. माल गाळून पाहण्यासाठी (फिल्टर) दिलेले पर्यायही आम्ही हौसेनं लिंकांचे केले होते. ६ धातू, १२ साइझ, ५ प्रेशर म्हणजे एकाच प्रकारच्या व्हॉल्व्हची ३६० पानं, आणि कोणता पर्याय आधी निवडला त्यावरून पत्ता बदलायचा तो वेगळाच. सर्च कन्सोलमध्ये (गूगल आपली साइट कशी वाचतं ते दाखवणारं त्याचंच साधन) पाहिलं तर बॉट त्यातच घुटमळत होता, नव्या मालाकडे फिरकायलाच तयार नाही. शेवटी जे लोक खरंच शोधतात, म्हणजे ‘पितळी अर्धा इंची’ वगैरे, तेवढीच पानं ठेवली आणि बाकीचे पत्ते रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे बॉटनं कुठे जायचं नाही हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवले.

आता साइट गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मेनूतल्या प्रत्येक शब्दावर आम्ही राइट-क्लिक करतो. ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ आलं नाही, तर ती लिंक नव्हेच. मग तो मेनू ज्यानं केला त्याच्या टेबलावर परत. गेल्या महिन्यात तो माझ्याच टेबलावर आला.