सीलिअ‍ॅकचा रिपोर्ट वाचताना : माझा अनुभव

सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्याच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ‘टीटीजी आयजीए 86’ ठळक छापलेलं, बाजूला लाल बाण. त्या 86 ला घाबरण्यात अर्थ नव्हता. अर्थ शेजारच्या रकान्यात होता. माझ्या लॅबची वरची मर्यादा 20, म्हणजे निकाल साधारण सव्वाचार पट. किट वेगळं असलं की मर्यादा 4 किंवा 10 सुद्धा असते. म्हणून दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत, आणि पुढच्या तपासण्या त्याच लॅबमध्ये करायच्या.

दुसरी ओळ टोटल आयजीएची, म्हणजे रक्तातल्या एकूण आयजीएची. ती मला वेगळी सांगून करून घ्यावी लागली. टीटीजी हे आयजीए प्रकारचं प्रतिपिंड. ज्याच्या शरीरात आयजीएच बनत नाही, त्याचं आतडं सोललेलं असलं तरी टीटीजी निगेटिव्ह येतं. सीलिअ‍ॅकवाल्यांत असे 2 ते 3 टक्के असतात. त्यांच्यासाठी डीजीपी आयजीजी ही दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाची तपासणी.

खरी फसगत मात्र रक्त देण्याआधीच होते. कुणीतरी सांगतं ‘गहू सोडून बघ’, दोन-तीन महिने पोळी बंद होते, बरंही वाटतं, आणि मग तपासणी. प्रतिपिंडं तोवर उतरू लागलेली असतात. रोज ज्वारीची भाकरी आणि भात खाणाऱ्या घरांत तर गहू आधीच कमी. उपाशीपोटी जायची गरज नाही, उलट पोटात गहू हवा: ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेची शिफारस रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन, किमान 6 आठवडे. त्रास फार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

सव्वाचार पटीवर निदान पक्कं होत नाही. टीटीजी मर्यादेच्या 10 पट किंवा जास्त आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए (सीलिअ‍ॅकचं आणखी एक प्रतिपिंड) पॉझिटिव्ह, तर बायोप्सी, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासणं, टाळता येते. पण 2020 ची ती युरोपीय सूचना मुलांसाठी आहे. मला दुर्बीण घालावी लागली. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन आणि पुढून किमान चार तुकडे घ्यायला हवेत, कारण इजा ठिपक्याठिपक्यांनी असते. तोवर गहू चालूच. हे कुणी सांगत नाही!

निदानानंतर गहू बंद. सहा महिन्यांनी टीटीजी 41, वर्षाने 33. मर्यादेखाली उतरायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, पण वेग असा मंदावला की स्वयंपाकघर तपासायचं. आमच्याकडे डबीतला हिंग निघाला. घटकांत बारीक अक्षरांत ‘गव्हाचे पीठ’. रोजच्या आमटीत चिमूटभर.