टालेक्वा, बेल आणि विल्माबाईंचं पाणी

टल्साहून टालेक्वाला सव्वा-दीड तासात पोचलो. ओक्लाहोमातलं हे छोटं गाव चेरोकी नेशनची, म्हणजे चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या स्वशासनाची, राजधानी. रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीसोबत चेरोकी लिपी. इंग्रजी वाचता न येणाऱ्या सिक्वोयाने ती १८२१ च्या सुमारास पुरी केली. एक खूण म्हणजे एक अख्खा उच्चार, आपल्या बाराखडीसारखं. चौकाजवळची १८४४ ची सुप्रीम कोर्टाची विटांची इमारत बघून घेतली, पण मला जायचं होतं बेल नावाच्या वस्तीला.

कारण विल्मा मॅनकिलर. चेरोकी नेशनच्या पहिल्या स्त्रीप्रमुख. त्यांचं आत्मचरित्र १९९३ चं, पण त्यात त्यांचा जन्म एकट्याने होतच नाही. प्रकरण उघडलं की आधी एखादी चेरोकी लोककथा, मग पूर्वजांचा इतिहास, मग बाई. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकींना पूर्वेकडच्या घरांतून हुसकावून इकडे आणलं, त्यात अंदाजे ४ हजार दगावले. १९५६ मध्ये सरकारी योजनेत विल्माबाईंचं कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला हललं, तेही त्यांना त्याच वाटेचं पुढचं पाऊल वाटतं. मला सुरुवातीला हे ताणलेलं वाटलं होतं. अडेर काउंटीतल्या आजोबांच्या जमिनीबद्दल त्या लिहितात ते वाचल्यावर नाही वाटलं. घरात नळ नव्हता. पोरं झऱ्यावरून पाणी वाहून आणायची.

स्टिलवेल ओलांडलं की झाडी दाटते. बेलमध्ये विखुरलेली घरं, बस्स. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे कित्येक घरांत नळ नव्हता. विल्माबाई आणि चार्ली सोप (हे पुढे त्यांचे यजमान झाले) यांनी गावकऱ्यांना जमवलं आणि लोकांनी स्वतः चर खणून सुमारे १६ मैल पाइप टाकला. चक्क श्रमदान! जगण्याची शिस्त कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती, हे त्यांना दाखवायचं होतं.

१९८३ मध्ये त्या उपप्रमुखपदाला उभ्या राहिल्या, तर बाईमाणूस म्हणून धमक्या आल्या, गाडीचे टायर कापले गेले. १९९१ ची प्रमुखपदाची निवडणूक मात्र त्यांनी सुमारे ८३ टक्के मतांनी जिंकली. मला विचाराल तर ती मतं पाइपलाइनची.

टालेक्वाला गेलात तर म्युझियमं दुपारपर्यंत उरका आणि पुढे बेलपर्यंत जा. पुस्तक आधी वाचा पण. पाइप जमिनीखाली आहे, नाहीतर तिथे गाडी थांबवावी असं काहीच दिसणार नाही.