खामेच्या काठानं: संभाजीनगरचे पुरे पायी

संभाजीनगरला आलेला पाहुणा मकबरा बघतो, वेरूळची गाडी धरतो आणि निघून जातो. आम्ही या खेपेला मकबऱ्याला बाहेरूनच हात जोडले आणि पुरे, म्हणजे तटाबाहेरच्या जुन्या वस्त्या, बघायला हर्सूलपासून छावणीपर्यंत खाम नदी धरून खाली चालत आलो. सकाळी लवकर निघालं तर जेवणवेळेपर्यंत आटोपतं. नदी वाहते त्या दिशेनंच या, उतार असल्यानं पाय कमी दुखतात.

हर्सूल हे मूळचं वेगळं गाव. अजिंठ्याच्या वाटेवरचं. आता महापालिकेत आहे, तरी हर्सिद्धी मातेच्या देवळाभोवती अजून गावपण टिकून आहे. नवरात्रात इथे यात्रा असते. तिथून दिल्ली दरवाज्यापर्यंतचा रस्ता मात्र नुसता रहदारीचा. तेवढ्यापुरती रिक्षा केली तर काही बुडत नाही. दरवाज्याजवळ हिमायतबाग लागते. जुनी झाडं, कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आणि सकाळी फिरणारी मंडळी. चहा इथेच घ्या.

मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, तिचं औरंगाबाद झालं आणि १६८२ मध्ये औरंगजेबानं तिला तट घातला. पश्चिमेकडचा तट खामेच्या काठानं जातो. मकाई दरवाजा, महमूद दरवाजा, बारापुल्ला हे तिन्ही दरवाजे म्हणूनच पुलांना जोडून आहेत. तटाच्या आत शहर आणि पलीकडे पुरे. मकाई दरवाजा पुलावरून न बघता थोडं बाजूला होऊन नदीच्या अंगानं बघा, शहराची वेस कुठे संपायची ते एका नजरेत कळतं. पूल अरुंद आहे आणि हॉर्न थांबत नाहीत, त्यामुळे फोटोच्या नादात मध्येच उभे राहू नका.

पलीकडे बेगमपुरा. थत्ते हौद इथलाच. गल्लीत विचारलंत तर कुणीही दाखवील. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाचा, मकबऱ्याच्या मागचा पहाडसिंगपुरा ओर्छाच्या बुंदेल्यांचा. तिथला सोनेरी महाल शांत आहे, आतल्या सोनेरी चित्रांवरून नाव पडलं. मला विचाराल तर मकबऱ्यातल्या गर्दीपेक्षा इथे घालवलेला तास लाभाचा.

दख्खनच्या मोहिमांवर आलेल्या या राजपूत सरदारांचे तळ नदीपलीकडे पडले, तळाभोवती बाजार बसला, देवळं झाली आणि वस्ती कायमची झाली. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं मात्र शहरात जन्म काढलेल्यांनाही सांगावं लागतं. करणपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहांचा आणि पदमपुरा त्यांच्या मुलाचा, पदमसिंहांचा. करणसिंह इथेच १६६९ मध्ये वारले. मोगल गेले, निजाम आला, छावणीत इंग्रजी पलटणी आल्या, तरी करणपुरा, पदमपुरा आणि कोकणवाडी ही गावं बिकानेरच्या मालकीचीच राहिली! १९०४ साली बिकानेरनं ती इंग्रजांना दिली आणि बदल्यात तेव्हाच्या पंजाबच्या हिस्सार जिल्ह्यातली दोन गावं घेतली. ज्या कोकणवाडी चौकात आपण सिग्नलला वैतागतो, ती जागा अडीचशे वर्षं कुठल्या कुठे, वाळवंटातल्या एका संस्थानाची होती. पुऱ्यांना शहराची उपनगरं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. ती शेजारी होती, आणि शेजाऱ्यांमधला बांध म्हणजे खाम.

महमूद दरवाज्यापाशी पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, मोठा हौद आणि जुना वड. नदी भिंतीला लागून वाहते, तरी चक्कीचं पाणी उत्तरेच्या डोंगराकडून मातीच्या नळांच्या नहरीनं आणलेलं. कारण सरळ आहे. चक्कीचं पातं फिरवायला पाणी उंचावरून पडावं लागतं, आणि नदी तर खाली. या दळणातून फकिरांचं आणि वाटसरूंचं पोट भरायचं. हौदाच्या खाली दालन आहे, उन्हाळ्यातही गार. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, ती वेळ टाळा.

आता नदीबद्दल. खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी नाक धरावं लागतं, सांडपाणी आहेच. पण अलीकडच्या वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि इतरांनी मिळून काठ साफ केलेत. लोखंडी पुलाजवळच्या उद्यानात आता बसावंसं वाटतं. लेकरं बरोबर असतील तर मुक्काम तिथेच करा.

करणपुऱ्याच्या देवीला नवरात्रात जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण त्या नऊ दिवसांत पुरे बघायचं डोक्यातून काढा. पाय ठेवायला जागा नसते. एरवी मैदान मोकळं असतं. भावसिंगपुरा बुंदीच्या हाडा राजपुतांचा, पण तो छावणीच्याही पलीकडे पडतो, त्याला वेगळी संध्याकाळ द्या.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा काळ. एप्रिल-मे मध्ये अकराच्या आत सावली गाठा. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल लागतो. जेवायला जुन्या शहरात जाऊन नान-खलिया. मांसाहार नको असेल तर सरळ गुलमंडीवर इमरती, तीही गरम असतानाच.