अंगठ्याची वाटी

आज पहिल्यांदा चाकाशिवाय मातीची वाटी घडवली. संत्र्याएवढा गोळा तळहातावर घ्यायचा, मधोमध अंगठा रुतवायचा, तळाला अर्ध्या बोटाची जाडी राखून थांबायचं. मग गोळा हळूहळू फिरवत चिमटीने भिंत दाबत वर यायचं. घाई केली की कड फाकते. माझी फाकलीच. मी पाण्यात बोटं बुडवणार, तेवढ्यात शिकवणाऱ्या काकू म्हणाल्या, "इतकं पाणी नको गं, माती लिबलिबीत होते. नुसत्या ओलसर बोटाने भेग मिटव." मिटली!

आता फडक्याखाली सावकाश सुकेल, मग भट्टीत १००० अंशांच्या आसपास भाजायची. आतून हात फिरवला की माझ्या अंगठ्याचा एकेक ठसा लागतो. ते घासून काढावेसे वाटत नाहीत. आईला फोटो पाठवला. तिचा पहिला प्रश्न, "यात दही लावता येईल का गं?"