तुम्ही विचारलंत म्हणून: कराटे मूळचं आपलंच ना?

"सर, कराटे मूळचं आपलंच ना? बोधिधर्मानंच नेलं ना चीनला?" बेल्टच्या परीक्षेला आलेले पालक विचारतात, लग्नाच्या पंगतीत पाहुणे विचारतात. बोधिधर्म म्हणजे भारतातून चीनला गेलेला बौद्ध भिक्षू; तिथल्या शाओलिन मठात त्यानं युद्धकला शिकवली, अशी दंतकथा. विचारताना त्यांना 'हो' हवं असतं, ते कळतं मला. पहिली दहा वर्षं मी हो म्हणायचो, तेही व्यासपीठावरून, छाती काढून. आता म्हणत नाही, म्हणून काहींना मी शिष्ट वाटतो. एका पालकांनी तर "तुम्हाला आपल्या देशाचं काहीच नाही का?" असं तोंडावर विचारलं.

आहे हो. पण मी शिकवतो ती कराटेची गोजू-र्यू शैली, आणि ती जपानच्या ओकिनावा बेटावरच्या नाहा शहराची आहे. तिथले कानर्यो हिगाओन्ना (१८५३–१९१५) तरुणपणी समुद्र ओलांडून चीनमधल्या फूजौला गेले, तिथे शिकले आणि परत येऊन नाहात शिकवू लागले. चोजुन मियागी त्यांचे शिष्य. तोवर या शैलीला स्वतःचं असं अधिकृत नाव नव्हतं. १९३० साली तोक्योच्या एका प्रात्यक्षिकात मियागींचे शिष्य जिनान शिंझातो यांना कुणीतरी विचारलं, तुमची शैली कोणती? सांगायला नाव नव्हतं. ते परतल्यावर मियागींनी 'बुबिशी' या जुन्या चिनी ग्रंथातल्या एका ओळीतून शब्द निवडला. गो म्हणजे कठोर, जू म्हणजे मृदू. शिंझातो १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत गेले. मियागी १९५३ मध्ये गेले, तेही वारस जाहीर न करता. ही नावं घेतल्याशिवाय मला वर्ग सुरू करवत नाही. उद्या कुणी म्हणालं की मल्लखांब कुठून तरी बाहेरून आला, तर आपल्याला चालेल?

पण मी बदललो तो हे वाचून नाही. आठवीतल्या एका मुलीमुळे बदललो.

ग्रीन बेल्ट होती. पायात बळ होतं तिच्या. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं कराटेचा इतिहास घेतला आणि मी सांगितलेलं सगळं वळणदार अक्षरात उतरवलं. एक दिवस वॉर्मअपच्या आधी ती वही घेऊन आली. बोधिधर्माच्या वाक्यापुढे बाईंनी लाल शाईनं एकच शब्द लिहिला होता: 'संदर्भ?' त्याखाली तिनं दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या, मी सांगेन ते लिहायला. हातात पेन उघडून उभी होती.

मी म्हणालो, "अगं, सगळ्यांना माहीत आहे ते. लिही, सरांनी सांगितलं."

तिनं तसंच लिहिलं. तोंडी परीक्षेत बाईंनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा "आमच्या सरांनी सांगितलं" म्हटलं आणि वर्ग हसला. हे मला तिच्या आईकडून कळलं. त्यानंतर ती दोन आठवडे आली, नंतर आली नाही. आईंनी अभ्यासाचं कारण दिलं. मी ते मानून घेतलं, कारण सोयीचं होतं. तिच्याशी एकदा बोलायला हवं होतं. बोललो नाही.

मग शोधत बसलो. बोधिधर्माबद्दलच्या सहाव्या शतकातल्या जुन्या लिखाणात कुठे ठोसा नाही, लाथ नाही. शाओलिनच्या व्यायामाशी त्याचं नाव जोडणारा 'यीजिनजिंग' हा ग्रंथ सतराव्या शतकातला, आणि त्याच्या जुन्या म्हणवणाऱ्या प्रस्तावना अभ्यासकांनी बनावट ठरवल्या आहेत. म्हणजे मधे हजार वर्षं. त्या पोरीच्या दोन ओळींत मी काय लिहून देणार होतो?

तरी सगळं सुटलंय असं नाही. सानचिन हा काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, शिकवताना पायाचे अंगठे आत वळवून उभं राहायचं, पाऊल जमिनीलगत अर्धगोल फिरवत पुढे न्यायचं आणि श्वास थेट बेंबीखाली उतरवायचा. दारात नातवाची वाट बघत थांबलेले आजोबा म्हणतात, "हा प्राणायामच की!" माझ्याही पोटात तेव्हा काहीतरी हलतं. शिवाय हिगाओन्नांचे चिनी गुरू, र्यू र्यू को, नक्की कोण होते यावर अजून एकमत नाही. मग माझ्यातला जुना वक्ता विचारतो: तुझ्याही साखळीत कडी गहाळ आहे, मग माझ्याच बोधिधर्माला का हाकललंस? मी म्हणतो, हिगाओन्नांकडे शिकलेली माणसं होती, त्यांच्या शिष्यांची परंपरा आजही चालू आहे. तो म्हणतो, आणि त्याच्या मागचं? तिथे मी अडतो.

आमच्या शेवटच्या काताचं नाव सुपारिनपेई. अर्थ १०८. आकडा सांगितला की मुलं लगेच ओरडतात, "सर, जपमाळ!" बौद्ध धर्म इथूनच तिकडे गेला, हे तर खरंच आहे. मुलांना मी नाही म्हणत नाही. हो म्हणायलाही जीभ रेटत नाही.