गावात नक्की चालतं कोणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘सरपंच, देवळाचे मानकरी की मुंबईकर मंडळ (मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचं), गावात नक्की चालतं कोणाचं?’ कोकणात समाजशास्त्राचं नाव काढलं की हा प्रश्न ठरलेला.

मार्क्सच्या अंगाने जाणारे म्हणतील, जमीन-पैसा कोणाकडे ते बघा, बाकीचं ओघाने येतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरला हे पुरेसं वाटलं नाही. वर्ग, प्रतिष्ठा आणि पक्ष ही त्याच्या लेखी सत्तावाटपाची तीन अंगं, एकमेकांत गुंतलेली पण वेगळी. कोकणात वेबर लवकर पटतो. खोताकडे, म्हणजे गावच्या जुन्या वतनदाराकडे, सारावसुली होती, कुळांवर हुकमत, आणि बऱ्याच गावांत शिमग्यातला मानही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्याने वसुली गेली. मानाचा पहिला नारळ कोणाचा, हे काही कायद्यात नव्हतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू इथून पुढे नेतो. भांडवल म्हणजे त्याच्या लेखी नुसता पैसा नव्हे, मान आणि ओळखीही. प्रत्येक क्षेत्राचं भांडवल निराळं, आणि खरी रस्सीखेच असते ती एकाचं दुसऱ्यात रूपांतर कोणत्या दराने व्हावं यावर. मंडळाने जीर्णोद्धाराला पैसे दिले की फरशीवर नाव लागतं, गावकीत, म्हणजे गावच्या पारंपरिक बैठकीत, शब्दाला वजन येतं. पालखीला खांदा लावायचा मान मात्र मिळेलच असं नाही. सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं तरी सही तिची आणि गावकीची बैठक पुरुषांची, असं चालतंच. म्हणून ‘सगळ्यात मोठा कोण’ हा प्रश्न मला फसवा वाटतो. रूपांतर कुठे अडतं ते शोधा.

शोधायचं कसं? एकच निर्णय धरा. पाखाडीचा रस्ता घ्या हवं तर. विषय कोणी काढला, शेवटी कोणाचं म्हणणं टिकलं? राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डालने अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचा १९६१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास साधारण असाच, निर्णय धरून केलेला. यात एक मोठी चूक होते: जे भांडण झालं तेवढंच दिसतं. बॅकरॅक आणि बॅरेट्झ यांनी १९६२ साली दाखवलं की विषय सभेपुढे येऊच न देणं हीसुद्धा सत्ता. ल्यूक्सने १९७४ साली आणखी खोल जाऊन म्हटलं, तक्रार मनातच उगवू न देणं ही त्याहून मोठी.

पालखी घरोघर फिरते. एखाद्या वाडीत ती जात नसेल, तर इतिवृत्तात त्यावर ओळही सापडणार नाही. गावकाराला, म्हणजे गावकीच्या प्रमुखाला, विचारलंत तर ‘पूर्वापार तसंच हाय’ एवढंच ऐकाल. त्या वाडीत जाऊनच विचारा, आणि गावकाराला सोबत नेऊ नका.