फोंड्याचं स्टेशन: सिग्नलचा खांब तिसऱ्यांदा हलवला

मागच्या नोंदीत फलाट आणि मंगळुरी कौलांचं छप्पर इथवर पोचलो होतो. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. फोंडा शहराला रेल्वे नाही. गाडी धरायची तर मडगाव, करमळी नाहीतर कुळे गाठावं लागतं. फोंड्याला स्टेशन असतं तर ते कसं दिसलं असतं, हे मी एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, बारा मिलिमीटरच्या प्लायवर उभारतोय. रूळ बाजारात मिळणारे १६.५ मिलिमीटर गेजचेच आहेत. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरतो, पण तेवढे रूळ हातानं ओतायची तयारी अजून नाही.

फलाटाची उंची साडेनऊ मिलिमीटर ठेवली, ती जमली. जमिनीसाठी घरामागच्या चिऱ्याची भुकटी मैद्याच्या चाळणीतून चाळून घेतली आणि फेव्हिकॉलमध्ये तिप्पट पाणी नि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून ती बसवली. तांबड्या मातीचा रंग विकत आणून असा येत नाही. फक्त पावसात सुकायला चार दिवस लागले.

आता रस्त्याकडे येतो. गेला दीड महिना सगळा तिथेच गेलाय.

स्टेशनाबाहेर तीन रस्त्यांचा तिठा आहे. एक रस्ता शहराकडून येतो, दुसरा स्टेशनातून बाहेर पडतो आणि तिसरा फाटक ओलांडून गावाकडे जातो. रस्ता दुपदरी, सात मीटरचा, म्हणजे माझ्या फळीवर आठ सेंटिमीटर. सिग्नलचे खांब दीड मिलिमीटरच्या पितळी नळीचे आहेत. नळीच ऋण टोक म्हणून वापरली, त्यामुळे आतून तीनच तारा न्याव्या लागल्या. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ३६ गेजची तांब्याची तार मिळाली, ती नळीत आरामात मावते. दिवे ०६०३ मापाचे एलईडी, त्यांच्यापुढे २.३ मिलिमीटरचं भोक. खऱ्या सिग्नलची २०० मिलिमीटरची काच या प्रमाणात तेवढीच होते. लाल नि पिवळ्याला एक किलोओहमचा रेझिस्टर पुरला. हिरवा मात्र डोळ्यांत घुसत होता, त्याला २.२ लावल्यावर तिन्ही सारखे दिसू लागले.

पहिल्यांदा खांब लावला तो स्टेशनाच्या कोपऱ्यावर, छपराच्या खांबाच्या रेषेत. वरून फोटोत फार देखणा दिसायचा. मग मोबाइल उलटा धरून कॅमेऱ्याची भिंग रस्त्याला टेकवली, म्हणजे साधारण गाडीचालकाच्या डोळ्याची उंची मिळते, आणि तिठ्याकडे सरकवत नेला. लाल दिवा दिसलाच नाही, कारण थांब्यावरच्या कदंब बसनं तो पूर्ण झाकला होता. तेव्हा कळलं की चालकाला दिवा दोनदा भेटायला हवा, एकदा थांबरेषेजवळ आणि एकदा तिठ्याच्या पलीकडे. नंतर पणजीजवळच्या मेरशीच्या जंक्शनवरून जाताना मी दिवे पाहिले नाहीत, खांबच पाहत गेलो. ज्यांनी अजून रस्ता केला नसेल त्यांनी हा मोबाइलचा प्रयोग खांब चिकटवण्याआधी जरूर करावा.

दुसऱ्यांदा खांब हलवला तो बसमुळेच. अकरा मीटरची बस माझ्याकडे साडेबारा सेंटिमीटर. स्टेशनातून डावीकडे वळताना तिची मागची चाकं कोपरा कापतात, आणि तिथे मी खांबही रोवला होता नि पायलटांचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांचा, स्टँडही मांडला होता. पुठ्ठ्याची बस सरकवली तर खांबाला घासली. खांब दीड सेंटिमीटर मागे घेतला, स्टँड छपराखाली नेला. काळ्या मोटरसायकली आणि पिवळे मडगार्ड, नऊ पायलट आहेत. मडगार्ड रंगवायला दाढीच्या ब्रशचा एकच केस वापरला. गाडीतून उतरलेल्या माणसाला समोर पायलट दिसला की ते स्टेशन गोव्यातलं वाटतं, म्हणून यावर वेळ घालवल्याचं मला काहीच वाटत नाही.

तिसऱ्या वेळची गोष्ट सविस्तर सांगायला हवी.

आमच्या शेजारचे काका गेटमन म्हणून निवृत्त झाले. जुलैत एकदा पावसामुळे अडकले म्हणून आत आले आणि फळीसमोर बराच वेळ उभे राहिले. मी कौतुकानं बटण दाबलं. स्टार्टर, म्हणजे गाडीला स्टेशन सोडू देणारा सिग्नल, हिरवा झाला, गाडी सुटली आणि मग फाटक पडू लागलं.

काका म्हणाले, "अरे बाबा, हे उलटं झालं. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल ऑफ होतच नाही. आधी फाटक, मग सिग्नल, मग गाडी."

रेल्वेच्या भाषेत सिग्नल ऑफ होणं म्हणजे गाडीला वाट मिळणं. इंटरलॉकिंग, म्हणजे फाटक नि सिग्नल एकमेकांना बांधणारी यंत्रणा, नसलेल्या फाटकावर स्टेशनमास्तर आणि गेटमन फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीसाठीचा गुप्त आकडा, कसा देतात-घेतात, तेही त्यांनी सांगितलं. मग फाटक आणि तिठा यांच्यामधल्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "आणि तुझ्या लाल दिव्यावर थांबलेल्या गाड्यांची शेपटी कुठे जाते?"

मी मोजलं. थांबरेषेपासून फाटकापर्यंत साडेचौतीस सेंटिमीटर, म्हणजे खरे तीस मीटर. एक बस आणि तीन मोटारी उभ्या राहिल्या की चौथी मोटार फाटकाच्या दांड्याखाली. मी तिठ्याचा विचार केला होता, फाटकाचाही केला होता, पण दोन्हींचा एकत्र केलाच नव्हता.

म्हणून थांबरेषा आणि खांब तिठ्याकडे शक्य तितके पुढे घेतले, आणि क्रम नव्यानं लिहिला. बटण दाबलं की आधी फाटकाकडून येणाऱ्या रस्त्याला आठ सेकंद हिरवा मिळतो, म्हणजे रुळांवरची नि आसपासची रांग निघून जाते. मग तीन सेकंद पिवळा, दोन सेकंद सगळीकडे लाल. त्यानंतर दांडे उतरतात, एका अंशाला ४० मिलिसेकंद, म्हणजे नव्वद अंशांना ३.६ सेकंद. शेवटी स्टार्टर हिरवा. फाटक बंद असेपर्यंत तिठ्यावर फक्त शहर आणि स्टेशन या दोनच रस्त्यांना आळीपाळीनं वाट मिळते. बाहेरच्या देशांत खऱ्या रस्त्यांवरही फाटकाजवळचे सिग्नल असेच गाडीच्या आधी रांग मोकळी करतात.

स्टार्टरची सुरक्षा मी कोडवर सोडली नाही. दोन्ही दांड्यांखाली एकेक मायक्रोस्विच बसवला. हिरव्या दिव्याचा प्रवाह या दोघांतून जातो. एक दांडा जरी वर असला तरी तो प्रवाह वळून लाल दिव्याकडे जातो. कोडमध्ये मुद्दाम चूक घालून पाहिलं, तरी लालच लागला. काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी एक दांडा बोटानं उचलून धरला, बटण दाबलं आणि लाल बघून मान हलवली. त्या दिवशी मला झालेला आनंद शब्दांत मांडता येत नाही.

जोडणी करणाऱ्यांसाठी: एकच आर्डुइनो नॅनो (सगळं चालवणारा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) पुरला, पण काठोकाठ. रस्त्याचे नऊ दिवे, पादचाऱ्यांचे दोन, दांडे हलवणाऱ्या दोन सर्वो मोटरी, रुळाखालचे दोन आयआर सेन्सर, स्टार्टरचे दोन दिवे आणि एक बटण, असे अठरा पिन. डी २ ते डी १३ आणि ए ० ते ए ५ सगळे भरले. सर्वो लायब्ररी घातली की नऊ आणि दहा या पिनवर मंद-प्रखर करता येत नाही, यात माझी एक संध्याकाळ गेली. हळूहळू विझणारा पिवळा हवा असेल तर ३, ५, ६, ११ पैकी पिन घ्या. सर्वोला पाच व्होल्ट वेगळे द्या, ऋण टोक मात्र एकच ठेवा. आधी दांडा हलला की दिवे लुकलुकायचे. वेगळा पुरवठा आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर थांबले.

होम सिग्नल, म्हणजे येणाऱ्या गाडीला स्टेशनात घेणारा, राहिलाय. त्याला लाल, पिवळा नि हिरवा असे तीन दिवे हवेत आणि पिन उरले नाहीत, म्हणजे थोड्या पिनवर जास्त दिवे चालवणारी ७४एचसी५९५ ची चिप जोडावी लागेल. डिस्टंट, म्हणजे होमची आगाऊ सूचना देणारा सिग्नल, मी धरलेला नाही. होमच्या एक किलोमीटर आधी तो असतो, म्हणजे माझ्या प्रमाणात साडेअकरा मीटर, आणि खोली चार मीटरची आहे.

झेब्राचे पट्टे अजून खडूनेच आखलेत, प्रत्येकी पावणेसहा मिलिमीटर. रंग चवथीनंतर देईन. या खोलीतच गणपती बसतो आणि त्याच्यावर फळाफुलांची माटोळी बांधली जाते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात फळी दोन तुकडे करून वरच्या खोलीत न्यायची आहे. सांध्यावरच्या अठरा तारांना आज क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून झाल्या.